कालवाचक शब्दांची जातपडताळणी

मराठी शब्दांना जाती आहेत आणि शाळेच्या हिशेबाने त्या आठ आहेत: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी. पहिल्या चार विकारी, म्हणजे प्रसंग पाहून रूप बदलणाऱ्या. पुढच्या चार अव्यये, म्हणजे आभाळ कोसळले तरी आपले रूप न सोडणाऱ्या. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली निघाले, मोरो केशव दामल्यांचे १९११ साली. मधल्या पाऊणशे वर्षांत आणि त्यानंतरही मराठी वैयाकरण प्रयोगांवरून भांडले, विभक्तींवरून भांडले. अनुस्वारांवरून तर अजून भांडतात. पण ‘काल’, ‘मग’, ‘अजून’, ‘परवा’ या घडीघडीला तोंडात येणाऱ्या शब्दांवरून कोणी कोणाशी अबोला धरल्याचे ऐकिवात नाही. त्यांना ‘कालवाचक क्रियाविशेषण अव्यय’ अशा लांबलचक नावाच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी घातलेली आहे. स्पर्धापरीक्षेचा उमेदवार तिच्या आतले तीन कप्पे पाठ करतो, कालदर्शक, सातत्यदर्शक, आवृत्तिदर्शक, आणि एक गुण खिशात घालतो.

प्रस्तुत प्रबंधाचा दावा असा, की त्या खोलीत कोणीही राहत नाही. कालवाचक शब्द आठही जातींत राजरोस वावरतात, आणि याचे कारण व्याकरणात नसून आपल्या स्वभावात आहे. वेळ सांगण्यासाठी मराठी माणूस हे शब्द क्वचितच वापरतो. वेळ सांगायला घड्याळ आहे. शब्द लागतात ते वेळ टाळायला, लांबवायला, उपकार दाखवायला आणि सुस्कारा सोडायला. एवढी कामे एकट्या क्रियाविशेषणाच्याने होत नाहीत. शास्त्रार्थाच्या रिवाजाप्रमाणे येथे एक पूर्वपक्षी गृहीत धरला आहे. तो निवृत्त आहे, त्याला जुने व्याकरण तोंडपाठ आहे आणि त्याला कुठेही जायचे नाही.

प्रथम ‘वेळ’. हा शब्द नाम आहे याबद्दल पूर्वपक्षीही वाद घालत नाही. वाद आहे लिंगाचा. ‘जेवायची वेळ झाली’ आणि ‘जेवायला वेळ मिळाला नाही’ ही दोन्ही वाक्ये एकच माणूस एकाच दुपारी बोलतो आणि दोन्ही शुद्ध असतात. येऊन ठेपते ती वेळ स्त्रीलिंगी. लागतो, पुरतो, वाया जातो तो वेळ पुल्लिंगी. सामान्यरूपेसुद्धा वेगळी: ‘वेळेवर’ आणि ‘थोड्या वेळाने’. परदेशातून मराठी शिकायला आलेला विद्यार्थी ही गोष्ट ऐकून पेन खाली ठेवतो, पण आपल्याकडे चार वर्षांचे मूल ती कधी चुकत नाही. नियमाचे प्रात्यक्षिक पाहायचे तर कोणत्याही कचेरीत जावे. दारावरच्या फळीवर ‘अभ्यागतांनी भेटण्याची वेळ : ३ ते ५’ असे लिहिलेले असते, ही स्त्रीलिंगी वेळ. साडेतीनला आत डोकावले असता शिपाई सांगतो, ‘साहेबांना आज वेळ मिळणार नाही.’ चाणाक्ष कान असेल तर कळते, की हा पुल्लिंगी आहे. फळीवरची वेळ आणि साहेबांचा वेळ हे दोन वेगळे शब्द आहेत. त्यांची गाठ पडावी अशी व्याकरणाची अपेक्षाच नाही. ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ या म्हणीतही हीच विभागणी: येतो तो काळ जीव घ्यायला येतो, आणि वेळ आली नाही म्हणून माणूस वाचतो. वेळेवर न येण्याचे एवढे मोठे समर्थन दुसऱ्या कोणत्या भाषेने केले असेल असे वाटत नाही.

‘सकाळ’ हे नाम स्त्रीलिंगी, ‘सकाळ झाली’. परंतु पुण्यात ‘सकाळ आला का?’ हा प्रश्नही तितकाच जुना आहे, निदान १ जानेवारी १९३२ पासूनचा. त्या दिवशी नानासाहेब परुळेकरांनी त्या नावाचे दैनिक सुरू केले. तेव्हापासून तिथे सकाळ होते आणि सकाळ येतो. पाऊस फार असला तर सकाळ होऊनही सकाळ येत नाही, आणि ऐकणाऱ्याला यात काहीही गूढ वाटत नाही.

‘रोज’ हा फारसीतून आलेला शब्द यादीत सातत्याने किंवा आवृत्तीने बसवतात. प्रत्यक्षात शेतावर किंवा बांधकामावर विचारले तर तो नाम निघतो: दिवसाची मजुरी. माणूस रोजाने जातो, रोज वाढवून मागतो, तालुक्याला दाखला काढायला गेला की त्याचा रोज बुडतो. दाखल्यासाठी खेपा वाढल्या तर वाक्य होते, ‘रोज रोज बुडतो’. यातला पहिला रोज क्रियाविशेषण, दुसरा नाम. की दोन्ही मिळून एकच द्विरुक्ती आणि बुडणारे दुसरेच काही? हा प्रश्न वैयाकरणांसाठी राखून ठेवतो. मजुराला उत्तर माहीत आहे.

नामाच्या जातीत सर्वांत अलीकडे शिरलेले कालवाचक मुंबईत सापडतात. लोकलला तिथे नाव नसते, वेळ असते, आणि ती वेळच तिचे नाव होते. ‘तुझी कुठली? माझी आठ सतरा.’ हे नाम स्त्रीलिंगी आहे, कारण लोकल स्त्रीलिंगी. ते विशेषनाम आहे, कारण आठ सतरा एकच. आणि त्याला स्वामित्व लागते, कारण खिडकीच्या जागेवरून जे होते ते स्वामित्वाशिवाय होणार नाही. या नामाची शास्त्रीय कसोटी पुढील वाक्यात आहे, जे फलाटावर कोणीही डोळे न मिटता बोलतो: ‘आज आठ सतरा आठ पंचवीसला आली.’ पूर्वपक्षी म्हणतो, हे वाक्य वदतोव्याघात आहे; आठ सतरा आठ पंचवीसला येईल कशी? आली, एवढेच आम्ही सांगू शकतो. पहिली वेळ नाम आहे आणि तिचा घड्याळाशी संबंध संपलेला आहे, जसा गोरे आडनावाच्या माणसाचा रंगाशी.

आता अव्ययांकडे. अव्यय बदलत नाही, हा या इमारतीचा पाया. या पायाखाली पाहिले असता ‘केव्हाचा’ दिसतो. ‘मी केव्हाचा थांबलोय’, ‘ती केव्हाची थांबलीय’, ‘आम्ही केव्हाचे थांबलोय’. काम क्रियाविशेषणाचे आहे, कारण थांबण्याचा काळ दाखवतो; पण कर्ता पुरुष की स्त्री, एक की अनेक, हे पाहून तो कपडे बदलतो. पूर्वपक्षीने ‘हे विशेषणच’ असे म्हणून सुटायचा प्रयत्न केला. मान्य, पण मग ‘केव्हाची’ ती असते कशी? ‘उंच ती’, ‘हुशार ती’ समजते. ‘केव्हाची ती’ म्हणजे कोण, याला बसस्टॉपखेरीज उत्तर नाही.

याचा थोरला भाऊ ‘एकदाचा’, आणि आमच्या मते मराठी कालवाचकांत याच्या तोडीचा शब्द नाही. ‘एकदा’ हा साधा आवृत्तिदर्शक, पाठ्यपुस्तकातला. त्याला ‘चा’ लावला की आवृत्ती पळून जाते. ‘पाऊस एकदाचा आला’ याचा अर्थ पाऊस एक वेळ आला असा कोणी करत नाही. जूनचा पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, पेरणीसाठी आणलेले बियाणे घरात पडून राहिले, वेधशाळेने चार वेळा तारीख दिली, आणि नंतर जो आला तो एकदाचा. ‘परीक्षा एकदाची संपली’, ‘घराचा ताबा एकदाचा मिळाला’, ‘थोरलीचं लग्न एकदाचं झालं’. रूप विशेषणाचे, नामाप्रमाणे हलते. काम क्रियाविशेषणाचे, क्रियेला चिकटते. आणि अर्थ पाहावा तर तो निव्वळ केवलप्रयोगी, कारण शब्दाच्या पोटात एक ‘हुश्श’ भरलेला आहे. तीन जातींचे दाखले एकाच्या खिशात. पडताळणी समितीपुढे हा उभा राहिला तर समिती तारीख देईल, आणि निकालही लागेल तो एकदाचाच. आणखी एक बारकावा: आनंदाच्या पण अनपेक्षित गोष्टीला हा शब्द लागत नाही. ‘मला एकदाची लॉटरी लागली’ असे म्हणणारा मनुष्य वर्षानुवर्षे तिकिटे घेत आला असला पाहिजे. शब्दात गुंतवणूक दिसते. मांडवातून बाहेर पडताना वधूपित्याच्या तोंडून ‘एकदाचं झालं’ निघते. वधूच्या तोंडून निघाले तर मात्र विचारपूस करावी.

‘परवा’वर स्वतंत्र सूत्र लिहिण्याचा मोह आवरत नाही. सूत्र: परवा उभयतोमुखी. वृत्ती: मराठीने आजच्या अलीकडे ‘काल’ आणि पलीकडे ‘उद्या’ असे दोन निराळे शब्द ठेवले. हिंदीत दोहोंना ‘कल’. आपण इथे काटेकोर. पण हा काटेकोरपणा एका दिवसात दमतो. ‘परवा’ दोन्हीकडे, ‘तेरवा’ही दोन्हीकडे, आला की येणार हे क्रियापदाने बघून घ्यावे. म्हणजे मराठी माणसाची काळावरची पकड बरोबर तीन दिवसांची आहे. त्यात शंका: ‘परवाच तर त्यांचं लग्न झालं आणि मुलगी पाचवीत?’ या वाक्यातील परवा किती दिवसांपूर्वीचा? समाधान असे, की येथे ‘च’ लागला आहे. निश्चय दाखवण्यासाठी जन्मलेला हा ‘च’ परवाला लागला की नेमके उलटे करतो. दोन दिवसांचे अंतर बारा वर्षांपर्यंत ताणतो. भविष्याच्या बाजूला परवा ‘च’शिवायही ताणला जातो, पण फक्त एका परिस्थितीत: वाक्यात ‘पैसे’ हा शब्द असला तर.

‘च’चा दुसरा पराक्रम ‘कधीच’ या शब्दात. ‘तो कधीच गेला’ म्हणजे फार पूर्वी गेला. ‘तो कधीच गेला नाही’ म्हणजे एकदाही नाही. शेवटचा ‘नाही’ ऐकू आला नाही, फोन तुटला, तर माणूस अनंतकाळापासून गेलेला आहे की अनंतकाळापर्यंत बसलेला आहे हे ठरवता येत नाही. ‘हल्ली’बद्दल एवढेच, की न्यायालयीन कागदांत ‘हल्ली मुक्काम’ म्हणून तो सभ्यपणे राहतो, बाहेर आला की तक्रार करतो. आणि ‘यंदा कर्तव्य आहे’ हे वाक्य ज्या भाषेत कर्ता-कर्म न सांगता पूर्ण समजते, तिथे वाक्यपृथक्करण शिकवण्यात अर्थ नाही.

‘मग’ हा सर्वांत कष्टाळू. ‘मग येतो’ यात क्रियाविशेषण, ‘तू जा, मग मी निघेन’ यात दोन वाक्यांचा सांधा, म्हणून उभयान्वयी, ‘येणार का? मग!’ यात केवलप्रयोगी, अर्थ: विचारतोस काय. त्याच मगला प्रश्नचिन्ह लावून फोनवर उच्चारावे: ‘मग?’ आता ते आख्खे वाक्य झाले, आणि त्याचा अर्थ संभाषणातला मजकूर संपला आहे, तरीही फोन ठेवायची इच्छा नाही. पलीकडून उत्तर येते, ‘मग काय, तुम्ही सांगा.’ अशा दोन ‘मग’मध्ये किती मिनिटे जातात याचा अंदाज, सासरी गेलेल्या लेकीशी आई बोलत असताना स्वयंपाकघरातून येणाऱ्या करपलेल्या वासावरून घ्यावा. इतके करून ‘मग’ची दिशा पुढची, भविष्याची, असे वाटते न वाटते तोच ‘मगाशी’ येतो, जो सरळ मागे बघतो. ‘मगाशी म्हणालात मग करतो, मग?’ हे वाक्य शुद्ध आहे, पूर्ण आहे, आणि ते ऐकणाऱ्याला त्यात एकही शब्द पुनरुक्त वाटत नाही. वाटते ती फक्त भीती.

‘अजून’ विशेषण कसे होते हे पाहण्यासाठी पंगतीला बसावे. वाढपी जिलबीचे ताट घेऊन वरच्या टोकाला उभा असतो आणि तिथल्या यजमानांना विचारतो, ‘अजून जिलबी?’ येथे अजून संख्येचे, परिमाणाचे काम करतो. जिलबी आहे, आणखी घ्या. त्याच क्षणी खालच्या टोकाचा, मीठ-लिंबू-कोशिंबीर एवढ्यावर बसलेला पाहुणा मान लांब करून म्हणतो, ‘जिलबी अजून...?’ आणि क्रियापद सभ्यपणाने गिळतो. येथे अजून शुद्ध कालवाचक. शब्द दोनच, फक्त जागा बदलली, आणि एकाला चौथी जिलबी मिळते तर दुसऱ्याला पहिलीही नाही. मराठीत शब्दक्रम सैल आहे, तो अर्थ बदलत नाही, असे शिकवणारे बहुधा वरच्या टोकाला बसत असावेत.

शब्दयोगीचे प्रकरण सोपे आहे, लवकर उरकू. ‘आधी लग्न कोंढाण्याचं’ हे तानाजीच्या तोंडी परंपरेने दिलेले, १६७० सालचे म्हणून सांगितले जाणारे वाक्य. यातला आधी मोकळा, म्हणून क्रियाविशेषण. ‘लग्नाआधी’ यातला आधी लग्नाला चिकटला, सामान्यरूप मागून बसला, म्हणून शब्दयोगी. ‘नंतर’चेही तेच. फक्त ‘नंतर बघू’ यात नंतर कालवाचक नाही आणि बघू क्रियापद नाही. दोन्ही मिळून नकार आहे.

उभयान्वयींत खरी गंमत ‘उद्या’ची. ‘उद्या कोणी विचारलं तर काय सांगशील?’ असे आई मुलाला म्हणते तेव्हा परवा विचारले तर चालेल असा तिचा अभिप्राय नसतो. हा उद्या म्हणजे ‘समजा’. तो ‘तर’च्या पुढे उभा राहून अटीचे वाक्य सुरू करतो. वाण्याच्या ‘आज रोख उद्या उधार’ या पाटीवरचाही उद्या कालवाचक नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. फरक इतकाच, की वाण्याचा उद्या कधी येत नाही आणि आईचा आलेलाच असतो. ‘एक वेळ उपाशी राहीन, पण त्याच्याकडे हात पसरणार नाही’ यात एका जेवणाचा त्याग नाही, येथे ‘एक वेळ’ म्हणजे ‘जरी’. आणि ‘तेव्हा’? पूर्वी काळ दाखवत असे. आता सभेत वक्ता ‘तेव्हा मित्रहो’ म्हणाला, की ‘म्हणून’ असा अर्थ घ्यायचा आणि चपला शोधायला लागायचे. भाषण संपत नाही, पण चपला सापडायला तेवढा वेळ पुरतो. पुल्लिंगी.

क्रियापदांचा दाखला व्याकरणानेच देऊन ठेवला आहे. ‘उजाडले’, ‘सांजावले’ ही भावकर्तृक क्रियापदे, म्हणजे ज्यांना कर्ता सापडत नाही. कोण उजाडले? कोणी नाही, नुसते उजाडले. पाठ्यपुस्तकांत याच ओळीत ‘मळमळते’ हेही उदाहरण असते, कारण तेही आपोआप होते. निसर्गाच्या इतक्या हळव्या घटना आणि पित्त यांना शेजारी बसवणारे शास्त्र रूक्ष आहे असे कोण म्हणेल?

मध्येच ‘घटके’ची कैफियत ऐकावी लागेल. घटका हे नेमके माप: साठ पळांची एक घटका, साठ घटकांचे अहोरात्र, म्हणजे आजच्या हिशेबाने घटका २४ मिनिटांची. बुडाला बारीक भोक असलेली वाटी पाण्याच्या घंगाळात सोडायची. ती भरून बुडाली की घटका झाली. लग्नाचे मुहूर्त यावर साधले जात. घटका भरणे हा वाक्प्रचार त्या बुडणाऱ्या वाटीचा. एवढ्या नेमक्या नामाला आपण ‘भर’ लावून क्रियाविशेषण केले, आणि ‘घटकाभर टेका’ म्हटल्यावर टेकलेला पाहुणा रात्री पिठले-भात खाऊन उठला. नाम होते तोवर वाटी बुडत होती. क्रियाविशेषण झाल्यावर यजमान.

सात जाती झाल्या. पूर्वपक्षी इतका वेळ दबा धरून होता. तो आता विचारतो, ‘आणि सर्वनाम? कालवाचक सर्वनाम दाखवा.’ प्रश्न कठीण आहे. ‘मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः’ या नऊ जणांच्या पंक्तीत काळाचा कोणी दिसत नाही. तरी सर्वनामाची व्याख्या काय? नामाऐवजी येतो तो शब्द. आता दार वाजते. घरातली मोठी बाई फटीतून पाहते आणि आत येऊन सांगते, ‘ते कालचे आलेत.’ कोण कालचे? गॅसची नळी तपासायला आलेले, की वर्गणीचे पुस्तक घेऊन आलेले, की गच्चीतल्या गळतीचा अंदाज देणारे, हे ती सांगत नाही. तिला नाव माहीत नाही आणि घरातल्या सगळ्यांना माणूस कळला आहे. ‘ते मगाचे पुन्हा आलेत’, ‘सकाळचे पैसे मागतायत’, ‘परवाचे आले तर मी झोपलेय म्हणून सांग’. नाम कुठेच नाही, त्याच्या जागी काळ उभा आहे आणि त्याला क्रियापदाचे आदरार्थी बहुवचनही मिळते आहे. याहून सर्वनामाने अधिक काय करायचे असते?

पूर्वपक्षी म्हणतो, हे विशेषणाचे नाम झाले. विशेष्य गाळले आहे एवढेच. शिवाय अतिव्याप्ती होते. ‘कालचे’ सर्वनाम मानले तर ‘पेपरवाले’ही सर्वनाम होतील आणि ‘दुसऱ्या मजल्यावरचे’ही. पेपरवाल्यांचे आम्ही सोडून देतो. दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या बाबतीत मात्र त्याची शंका आम्हाला मान्य आहे, कारण त्यांचे नाव इमारतीत कोणालाच ठाऊक नाही. मेंटेनन्सच्या पावतीवरसुद्धा सेक्रेटरी ‘दुसरा मजला, डावीकडचे’ असेच लिहितो, आणि ते सही करतात.